आंतोनच्या छपरातला द्रोण

पुणं लुटलं गेलं त्याच्या पुढच्या साली दुष्काळ पडला, आणि मी एका फिरंग्याच्या हातचं जेवू लागलो. मी, यज्ञेश्वर, तोफखान्याकडचा कारकून, त्रिकाळ संध्या करणारा ब्राह्मण. तोफखान्यात तेव्हा ना दारू होती ना काम. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. विचारणारे सगळे गेले, म्हणून आता लिहितो.

फिरंग्याचं नाव आंतोन. इटली नावाच्या मुलखातला गोलंदाज. तोफ फुटून त्याचा एक पाय गेला, चाकरी गेली, तेव्हा त्याने नागझरीच्या ओढ्यापलीकडे एक छप्पर घातलं, बाहेर मातीची भट्टी बांधली आणि बायकोच्या, नसीमबानूच्या, मदतीने लोकांना जेवू घालू लागला. कोंड्यात मूठभर गहू मिसळून तो कणीक तिंबायचा, तिच्या लांब पट्ट्या कापून उकळायचा आणि वर तेलात परतलेला लसूण ओतायचा. भट्टीसाठी काटक्यांची एक मोळी आणली की पोटभर जेवण. गोलंदाज, हमाल, कोणीही यावं आणि जमिनीवर बसावं. मी मात्र छपराच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसायचो. तेवढं सोवळं मी पाळलं.

पहिल्याच दिवशी नसीमबानूने विचारलं, "घरी कोण आहे, पंडितजी?"

"मुलगी आहे. आनंदी. आठ वर्षांची. आई नाही तिला."

आंतोनने आतून मोडक्या मराठीत सांगितलं, "मुलगी खाणार. तिची मोळी नको." नसीमबानूने पानाचा द्रोण भरून माझ्या हाती दिला. त्या दिवसापासून रोज माझ्या पत्रावळीशेजारी तो द्रोण झाकून ठेवलेला असे.

आनंदीचं लग्न ठरलेलं होतं. व्याही गोपाळकृष्णपंत, मोठं वैदिक घराणं. वैशाखात बार उडवायचा होता. मी बाटलो तर प्रायश्चित्त आहे. क्षौर करावं, पंचगव्य घ्यावं, सुटावं. पण फिरंग्याचं अन्न पोटात गेलेली मुलगी सून म्हणून कोण घरात घेणार? म्हणून तो द्रोण मी रोज नागझरीच्या कोरड्या पात्रात कुत्र्यांपुढे ओतत असे. साऱ्या पुण्यात तेवढीच कुत्री धष्टपुष्ट होती. आणि खरं सांगायचं तर ओतताना मला स्वतःचा अभिमान वाटे. बाप म्हणून आपण केवढं सांभाळतो आहोत!

आनंदीसाठी मी पेठेतल्या अन्नछत्रातून पेज आणायचो. त्यातला घोटही मी घेत नसे, याचाही अभिमान. पेज पातळ होत होत वाटीचा तळ दिसू लागला आणि एके दिवशी अन्नछत्रच बंद झालं. मग चिंचेचा पाला उकडून दिला. तो तिच्या पोटात ठरेना.

एका दुपारी ती म्हणाली, "आबा, तुमच्या तोंडाला कसला वास येतो?"

आमच्या घरात लसूण कधी शिजला नव्हता. मी म्हणालो, "तोफखान्यातली मंडळी भेटली होती वाटेत. त्यांचा असेल."

"तुम्ही जेवलात?"

"नाही गं."

"मग बरं. मला वाटलं, एकटेच जेवलात."

त्या दिवशी द्रोण घरी न्यायचा असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी नागझरीपर्यंत आणलाही. तिथे गोपाळकृष्णपंत नेमके समोरून आले. "मुलगी सोवळ्यात आहे ना?" त्यांनी विचारलं. मी द्रोण उपरण्याआड धरला आणि "अगदी," म्हणालो. ते वळणाआड गेल्यावर कुत्र्यांपुढे तो ओतला.

आठवड्याने आनंदीला उठवेना. मी जवळ बसलो तर ती हळूच म्हणाली, "आबा, आणखी जवळ या ना. मला वास घेऊ द्या."

मी तिच्या तोंडाशी तोंड नेलं. ती वास घेत राहिली. मला तेव्हाच उठून धावायला हवं होतं. मी बसून राहिलो. दिवस कलायच्या आत ती गेली.

ओंकारेश्वराच्या घाटावर गोपाळकृष्णपंत म्हणाले, "शुद्ध राहून गेली हो पोर." माझ्या हातात तेव्हा लाकूड होतं. ते त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं, पण ते चितेवर ठेवलं. लाकडं तशीही कमी होती.

चौथ्या दिवशी, सुतकातच, मोळी घेऊन मी छपरामागे जाऊन बसलो. नसीमबानूने पत्रावळ मांडली, शेजारी झाकलेला द्रोण ठेवला.

"पोरीला आवडतं का हो?" तिने विचारलं. "कधी सांगितलं नाहीत."

"आवडतं," मी म्हणालो. "रोज संपवते."

पत्रावळ चाटूनपुसून मी उठलो. नागझरीत कुत्री शेपट्या हलवत उभी होती. मी दगड उचलून त्यांना हाकललं आणि तिथेच उकिडवा बसून आनंदीचा द्रोण खाल्ला.