बंद करू नये

प्रार्थनाघराची राखण करणाऱ्या बाईला तिचं खरं नाव विचारलं असतं, तर तिलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. सगळे तिला बटणकाकू म्हणत. जिथे माणूस नाही तिथला दिवा ती विझवायची. जिथे माणूस डोळे मिटून बसलाय तिथलाही विझवायची. “डोळे मिटल्यावर उजेड कुणाला दाखवायचाय?” हा तिचा रोकडा सवाल.

हे वेड तिला हौसेनं लागलं नव्हतं. कमिटीच्या अध्यक्षांनी नोटीस लावली होती: तीन महिन्यांत वीजबिल निम्म्यावर आलं नाही, तर प्रार्थनाघर आठवड्यातून एकच दिवस उघडायचं. आणि एका दिवसाला राखणदार कशाला, म्हणून मागच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या. त्या खोल्यांत काकू राहायची आणि तिचे सासरे. सासरे जुने गवंडी, याच इमारतीच्या विटा त्यांनी रचलेल्या. आता कानांनी दगा दिला होता, जिभेनं मात्र नाही.

काकूनं जिवाचं रान केलं. जुने दिवे काढून कमी वीज खाणारे लावले. शिडीवर चढून उंच खिडक्या अशा घासल्या, की आत ऊन आलं आणि पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा एकमेकांना ओळखलं. म्हणाले, “अरे, तू अजून आहेस?”

बिल आलं. फरक म्हणजे दर्या में खसखस.

“काकू, बटणं दाबून तुमची बोटं झिजली,” अध्यक्ष म्हणाले, “बिल काही झिजलं नाही.”

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दुपारी तिनं झाडून सगळं बंद केलं आणि मीटरसमोर जाऊन उभी राहिली. मीटर आपलं पळतंय, वाघ मागे लागल्यासारखं!

वायरीचा माग काढत ती जिन्याखालच्या कोनाड्याशी आली. तिथे एक बटण होतं आणि त्याच्यावर काचेच्या चौकटीत थोरल्या मालकांच्या, म्हणजे ज्यांनी हे घर बांधलं त्यांच्या, हस्ताक्षरातली पाटी: ‘बंद करू नये.’ येता-जाता लोक तिथे मान लववत. काकूनं स्वतः अकरा वर्षं ती काच पुसली होती. बटणाला बोट म्हणून लावलं नव्हतं.

ते बटण विहिरीवरच्या मोटरचं. मोटर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायची. टाकी भरली की जास्तीचं पाणी भिंतीतल्या नळीतून पुन्हा विहिरीत. तेच पाणी, तीस वर्षं, वर आणि खाली. मोटर तीनदा जळली, तीनदा नवी बसली, पण ती कशाला चालते हे कुणी विचारलं नाही. उलट त्या नळीच्या खळखळीला लोक म्हणायचे, “भिंत बोलते.” ते ऐकायला चार गावांची माणसं यायची.

काकू तरातरा सासऱ्यांकडे गेली आणि कानाशी ओरडली, “मामंजी, जिन्याखालची पाटी कशाला लावली होती?”

“ती अजून आहे?” म्हातारा खुदकन हसला. “अगं, गिलाव्याला पाणी मारत होतो आम्ही. कुणीतरी सारखी मोटर बंद करायचं. मीच मालकांना म्हटलं, लिहून ठेवा. संध्याकाळी काढायची राहिली.”

“एका दिवसापुरती?”

“अर्ध्या. दुपारनंतर लावली ती.”

काकूनं कपाळावर हात मारून घेतला आणि तोच हात नेऊन बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला अशी शांतता पडली, की कुणाच्या पोटात काय गुरगुरतंय ते शेवटच्या रांगेपर्यंत कळलं. लोक खवळले. अध्यक्ष लाल होऊन म्हणाले, “भिंत मुकी केलीत तुम्ही! आवाज परत आणा.”

“आणते की. पण विजेवर नाही. मोटर जळायची तेव्हा टाकी अंगणातल्या हातपंपानं भरायचे. तो शाबूत आहे. ज्याला ऐकायचंय त्यानं हापसावा. पहिली पाळी अध्यक्षांची, मान आहे त्यांचा.”

चारचौघांत नाही कसं म्हणणार? अध्यक्षांनी बाह्या सारल्या. टाकी काठोकाठ होती म्हणून भिंत लगेच बोलू लागली. दहा मिनिटांत अध्यक्षच बोलायचे थांबले. तासभर हापसल्यावर पाठ धरून म्हणाले, “शांततेतही काही वाईट नाही हो.”

आठवड्याभरात सगळ्यांचं तेच मत पडलं. भिंत आता सकाळी सातला पंधरा मिनिटं बोलते, तेवढं पुरतं.

तिसऱ्या महिन्याचं बिल निम्म्याच्याही खाली आलं. अध्यक्षांनी नोटीस काढून टाकली. खोल्या राहिल्या. शाबासकी? ती कसली! “बघा, माझ्या नोटिशीनं काम झालं,” म्हणाले.

काकू दात-ओठ खात अंगणात आली, तर पंपाच्या दांड्याला नवीकोरी पाटी लटकलेली. अक्षर अध्यक्षांचं. आज पंपावर दुसऱ्याची पाळी होती, आणि हे आत डोळे मिटून बसणार होते. पाटीवर लिहिलं होतं: ‘बंद करू नये.’

काकूनं कंबरेची पेन्सिल काढली आणि खाली ठसठशीत लिहिलं: ‘सव्वासातपर्यंतच.’ मग जरा थांबून आजची तारीखही घातली.