धुक्यातल्या मैदानाचा भोंगा

तोंड परातीएवढं, पण त्यात स्वतःचा शब्द एकही नाही, असा मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत घाटमाथा फुटबॉल क्लबचं मैदान आहे. तिथल्या एका गोलाशेजारच्या लोखंडी खांबावर माझी सगळी हयात गेली.

पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा वळवून मला घडवलं आणि वरून करडा रंग मारला. क्लबच्या लोकांनी वर्गणी काढून मला आणलं, नारळ फोडला, खांबावर चढवलं. मला वाटलं, आता आपण मोठमोठी भाषणं करणार. पण मला आणलं होतं धुक्यासाठी.

त्याचं असं आहे, आमच्याकडे फुटबॉल खेळतात पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात मैदानावर धुकं असं बसतं, की कडेला उभ्या माणसाला स्वतःच्या छत्रीचं टोक दिसतं, बॉल दिसत नाही. मग एवढी माणसं छत्र्या घेऊन कशाला यायची? ऐकायला. क्लबचे सेक्रेटरी राजेंद्र लांब वायरीचा माईक घेऊन रेषेवरून धावायचे. दिसेल तेवढं बघायचे, उरलेलं मनानं जुळवायचे, आणि ते सगळं मी ओरडून सांगायचो. मी ‘गोल’ म्हटलं की छत्र्या नाचायला लागायच्या.

गोल मारायचा कैलास. नवलाख उंबरे गावच्या बौद्ध वस्तीतला पोरगा. तळेगावच्या कारखान्यात पहिली पाळी उरकून गाडीनं लोणावळ्याला यायचा, बूट गळ्यात अडकवलेले. ‘आमचा कैलास’ म्हणत लोक त्याला खांद्यावर घेऊन बाजारपेठेतून फिरवायचे. शाली घालायचे. एकदा राजेंद्रांनी माझ्यातून सांगितलं, की कैलासनं अर्ध्या मैदानावरून हवेत वळून फटका मारला. खरी गोष्ट अशी, की बॉल चिखलात अडला आणि त्याच्या गुडघ्याला लागून आत गेला. कैलास स्वतः हसत सांगत होता, “गुडघ्याला लागला रे, मला बी कळलं न्हाई.” कोणी ऐकून घेतलं नाही. लोकांनी तो फटका ‘पाहिला’ होता.

पाय थकल्यावर कैलास क्लबचा मॅनेजर झाला. हंगाम सुरू व्हायच्या आधी तो शिडी लावून वर यायचा, माझ्या तोंडातलं गांधीलमाश्यांचं पोळं काढायचा आणि सदऱ्याच्या टोकानं मला पुसायचा. बाकीच्यांना माझा आवाज पाहिजे होता. मी पाहिजे होतो तो त्याला एकट्याला.

मग ती फायनल आली. आमचा गोली, म्हणजे गोल राखणारा, होता निलेश, क्लबचे अध्यक्ष बाजीराव यांचा पुतण्या. धुकं दाट होतं. आपली पोरं पलीकडच्या गोलावर चढाई करतायत, असं मी जोरजोरात सांगत होतो. निलेशला इकडे काही दिसेना, करमेना. तो आपली जागा सोडून बघायला पुढं निघाला. कैलास रेषेवरून जीव तोडून ओरडला, “निल्या, मागं हो!” त्याचा आवाज माझ्या आवाजाखाली दबला. तेवढ्यात धुक्यातून एक लांब बॉल आला, दोन टप्पे खाल्ले आणि मोकळ्या गोलात गेला. अगदी माझ्या नाकासमोर. शेवटची शिट्टी वाजली, आपण हरलो.

लोकांना काही कळेना. राजेंद्रांना तरी कुठं कळलं होतं? त्यांनी बाजीरावांकडे पाहिलं. बाजीरावांनी माईकवर हात ठेवला आणि म्हणाले, “सांग, मॅनेजरनं गोली पुढं बोलावला.”

राजेंद्रांनी सांगितलं. म्हणजे मी सांगितलं. साऱ्या मैदानानं ऐकलं. निलेश खाली मान घालून उभा राहिला. कैलासनं माईक मागितला, तर बाजीराव म्हणाले, लोक तापलेत, आत्ता नको. ते ‘आत्ता’ पुढं कधी सरलंच नाही.

चिखलाचे गोळे आले, चपला आल्या. विकला गेला, विकला गेला, म्हणून ओरडा झाला. कालचा ‘आमचा कैलास’ त्या संध्याकाळी ‘त्यांच्यातला’ झाला. कोणाच्यातला, ते कोणी मोठ्यानं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. मित्रांनो, माणसं ह्यात फार हुशार असतात, तुम्ही तेवढे हुशार होऊ नका.

कैलास पुन्हा मैदानावर आला नाही. पुढं क्लबनं काळे, चौकोनी स्पीकर आणले आणि मला खांबावर तसंच सोडलं. पाच-सहा पावसाळे मी गांधीलमाश्यांचं घर होऊन काढले.

गेल्या हिवाळ्यात कैलास गेला. कारखान्यात छातीत कळ आली आणि संपलं. दुसऱ्या दिवशी चौकात हा मोठा फ्लेक्स लागला. ज्यांनी इतक्या वर्षांत त्याला कधी चहाला हाक मारली नाही, त्यांचे हात जोडलेले फोटो त्याच्या फोटोच्या खाली. क्लबनं शोकसभा ठरवली. कैलासच्या नावानं चषक ठेवायचा आणि तो त्याच्या बायकोच्या हस्ते जाहीर करायचा, असंही ठरलं.

त्याची बायको नंदाबाई. तिनं राजेंद्रांना उलट निरोप धाडला, की माझ्या मालकानं गोली पुढं बोलावला नव्हता, एवढं सगळ्यांसमोर सांगणार असाल तर येते. आणि ते सांगायचं जुन्या भोंग्यातनं. राजेंद्र म्हणाले, वहिनी, नवे स्पीकर आहेत की चांगले. ती म्हणाली, “ज्या तोंडानं खोटं सांगितलं, त्याच तोंडानं खरं सांगा.” बाजीराव म्हणाले, बघू की. म्हणून मला झाडलं, पुसलं, वायर जोडली.

सभेला ऊन लख्ख होतं. एकेक जण उठून आठवण सांगायला लागला. चौघांनी त्याच गुडघ्याच्या गोलाची आठवण सांगितली, चौघांनी चार तऱ्हेची, आणि चौघंही म्हणाले, ह्या डोळ्यांनी पाहिलाय. एक तर रडला. फायनलला चप्पल फेकून अनवाणी घरी गेलेला तो हाच. मी वरून सगळं पाहिलेलं आहे, मित्रांनो.

शेवटी बाजीराव उठले. “कैलासनं क्लबला लय दिलं. त्या फायनलला चूक झाली त्याची. पण आमी मनात ठिवली न्हाई. आमी त्याला कवाच माफ केलंय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंदाबाई उठली. तिची पोरगी पिंकी तिचा पदर धरून खाली ओढत होती. नंदाबाईनं राजेंद्रांच्या हातातून माईक घेतला.

“माफ कशापायी केलं, बाजीरावदादा? निलेश हितंच बसलाय. त्यानं सांगावं. निलेश, माझ्या मालकानं तुला पुढं ये म्हणून सांगितलं, का मागं हो म्हणून?”

निलेश आता चांगला गरगरीत झालाय, हायवेला त्याचं हॉटेल आहे. तो उठला. मग आला, माईक धरला. माझ्यातून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“मला कोणी बोलावलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी आपला बघाया गेलतो. कैलासभाऊंचा त्यात काय दोष न्हाई.”

मी ते शब्द जेवढ्या जोरात टाकता येतील तेवढ्या जोरात टाकले. माझ्या आयुष्यात माझ्यातून गेलेलं हे पहिलं खरं वाक्य असेल. मला वाटलं, आता माणसं माना खाली घालतील. कोणीतरी बाजीरावांना विचारेल. कोणीतरी नंदाबाईच्या समोर येऊन उभं राहील.

मागून एक जण म्हणाला, “काय मन आहे राव पोराचं, भर सभेत कबूल केलं.” टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. राजेंद्रांनी माईक घेतला आणि माझ्यातून सांगितलं, की ह्याला म्हणतात खिलाडूवृत्ती, असे खेळाडू घाटमाथ्यानं घडवले. नंदाबाईसाठी आणलेली शाल त्यांनी निलेशच्या खांद्यावर घातली. सगळ्यात जोरात टाळ्या बाजीरावांच्या होत्या.

नंदाबाईनं टेबलावरचा कैलासचा फोटो उचलला, त्याचा हार काढून तिथंच ठेवला आणि ती चालू लागली. पिंकी रडवेली झाली होती. “आई, अगं शाल त्यालाच घातली त्यांनी.”

“घालू दे,” नंदाबाई म्हणाली. “तुझ्या बापाला काय कमी शाली घातल्या व्हत्या?”

चषक तसाच जाहीर झाला. उद्घाटन निलेशच्या हस्ते. आता मैदानाबाहेरच्या टपरीवर नवीनच आठवण चालू आहे. जो तो म्हणतो, गोली जागेवर नव्हता हे मला तेव्हाच दिसलं होतं.

मित्रांनो, मला पुसू नका, रंग देऊ नका. पत्र्याला काही दुखत नाही. एवढंच करा, की धुक्यात जे दिसलं नाही त्याला ‘दिसलं नाही’ म्हणा. आणि मी ज्याच्या नावानं ओरडतोय तो माणूस तुमच्या शेजारी उभा असेल, तर आधी माझी वायर उपटा, आणि तो जिवंत आहे तोवर त्याला विचारा.