मदरबोर्डातला आत्मा

श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात छबूबाईंच्या पडवीत संध्याकाळ झाली की पाय ठेवायला जागा उरत नसे. बायका पुढं, बाप्ये भिंतीला टेकून, आणि सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या टेबलाकडं. टेबलावर लाल कापड पांघरलेला, झेंडूचा हार घातलेला कॉम्प्युटर.

त्या दिवशीही नेहमीसारखी लाइट गेलेली होती. ती आली, ट्यूब लुकलुकली, आणि बटणाला कुणी बोटही न लावता कॉम्प्युटरचा पंखा घरघरला. स्क्रीन उजळला. पाठोपाठ स्पीकरमधून आवाज आला, "आई जेवली का?" मग एक खोकला. मग, "माधुरीला लांब धाडू नको."

"ज्ञाना! माजा ज्ञाना!" छबूबाईंनी टेबलालाच मिठी मारली. पडवीभर हात जोडले गेले.

ज्ञानेश्वर त्यांचा थोरला. सुप्याला कारखान्यात कामाला होता. उन्हाळ्यात पुणे रस्त्यावर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली आणि घरातला कर्ता पोरगा गेला.

हा कॉम्प्युटर त्यानंच जोडलेला. तयार घेतलेला नव्हे. पगारातून एकेक भाग आणायचा, कधी कुरिअरनं, कधी श्रीरामपूरच्या दुकानातून. धाकटी बहीण माधुरी आणि जिवाभावाचा मित्र रविराज जोडीला. सतरंजीवर सगळं मांडून तिघांनी घरीच तो उभा केला. प्रोसेसर बसवताना माधुरीनं श्वास रोखला, तेव्हा ज्ञाना हसून म्हणाला होता, "अगं, बॉम्ब न्हाई त्यो!" पहिल्यांदा स्क्रीन लागला तेव्हा छबूबाईंनी मशीनला ओवाळलं होतं.

ज्ञाना गेल्यावर रविराज रोज येऊ लागला. छबूबाई त्याला ज्ञानाच्याच ताटात वाढायच्या. "एक गेला, पर दुसरा हाय मला," म्हणायच्या. एकदा त्यानं मशीन उघडून आतली धूळ काढली, आणि त्याच आठवड्यात ज्ञाना बोलू लागला.

माधुरीसुद्धा पहिल्या दिवशी ढसाढसा रडली. भावाचा आवाज कुणाला ओळखू येणार नाही?

बातमी फुटली, तसे छगन महाराज आले. कॉम्प्युटर त्यांनी बहुधा बँकेच्या काउंटरपलीकडूनच पाहिला असावा, पण ज्ञान अफाट होतं.

"ह्यात जो मुख्य पाट असतो, त्याला काय म्हणतात? मदरबोर्ड! मदर म्हणजे कोण? आई! लेकाचा आत्मा आईच्या कुशीत नाही शिरायचा तर कुठं शिरायचा? आणि आत रॅम असतो. रॅम! इंग्रजांना नीट म्हणता आला नाही एवढंच, नाव आपल्या रामाचंच!"

लोकांनी माना डोलावल्या. नारळांचा ढीग वाढला. मग महाराजांनी आत्म्याची इच्छा उलगडून सांगितली. पोरीला पुण्याला धाडायचं नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न, तेही गावातल्या गावात. आणि मशीन कुणी उघडायचं नाही, उघडलं तर आत्मा भटकेल.

माधुरीला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली होती. छबूबाईंनी तिची भरलेली बॅग रिकामी केली.

"त्यो मेल्यावर सुदिक तुजी काळजी करतोय," त्या म्हणाल्या. "आन तुला पुनं सुचतंय व्हय?"

माधुरी रविराजकडं गेली. "मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय रे."

त्यानं मान खाली घातली. "भावाचा आवाज ओळखू येईना का तुला?"

ती शरमून परतली. पण एका संध्याकाळी लाइट गेलीच नाही. ज्ञानाही बोलला नाही. महाराज म्हणाले, आत्मा रुसलाय. दुसऱ्या दिवशी लाइट दोनदा गेली-आली, आणि ज्ञाना दोनदा बोलला. तेच शब्द, तोच खोकला. आणि खोकल्यामागं, बारीक आवाजात, टेम्पोचा हॉर्न. दोन्ही वेळा, त्याच जागी.

आत्म्यामागं टेम्पो कुठून आला?

पुढच्या संध्याकाळी पडवी भरल्यावर माधुरी मीटरपाशी गेली आणि तिनं मेन स्विच पाडला. ओरडा झाला. तिनं स्विच वर केला. पंखा घरघरला, "आई जेवली का?" पुन्हा पाडला, पुन्हा वर केला. "आई जेवली का?" तिसऱ्या खेपेला तिनं आधी स्पीकरची वायर उपटली. स्क्रीन लागला. आत्मा मुका.

"पाप करतीय पोरगी!" महाराज गरजले.

"बसा महाराज, तुमचा मदरबोर्डच दाखवते."

तिनं लाल कापड फेकलं, मशीन पुन्हा सुरू करताना एक बटण दाबून धरलं आणि समोर आलेली निळी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. मशीनला हुकूम देऊन ठेवला होता: वीज आली की आपोआप सुरू हो. मशीन पुढं सुरू होऊ दिलं, तेव्हा आत दुसरा हुकूम सापडला: सुरू झालास की ही फाइल वाजव. फाइल कधी बनवली तेही शेजारी लिहिलेलं होतं. ज्ञानाच्या दहाव्यानंतरची तारीख.

"हे मी केलं नाही," माधुरी म्हणाली. "दादा तर नव्हताच. ह्या मशीनला हात लावणारं तिसरं माणूस एकच आहे. आणि दादा मोबाईलवर बोलून निरोप धाडायचा तोही त्यालाच."

सगळे रविराजकडं वळले.

"रवी," छबूबाई म्हणाल्या, "न्हाई म्हन."

तो दाराकडं सरकला, तशी छबूबाईंनी त्याची वाट अडवली.

"मंग त्यानं तुला काय धाडलं हुतं ते समदं ऐकव. कापल्याबिगर."

त्यानं मोबाईल काढला. व्हॉट्सॲपवरचा जुना आवाज पडवीत घुमला.

"रव्या, मला उशीर हुतोय, आई जेवली का बघून ये रे." खोकला. हॉर्न. "आन ऐक, मामा म्हणतोय, माधुरीला लांब धाडू नको. म्या धाडणारच. लई शिकू दे तिला."

नंतर पाहिलं तर महाराजांची चप्पल जागेवर नव्हती.

"ती गेली असती तर परत आली नसती, काकू," रविराज पुटपुटला. "मला ती... महाराजांना मी बोलवलं नव्हतं."

"माज्या लेकाचं ताट दिलं तुला," छबूबाई म्हणाल्या. "आन तू त्याची जीब कापली. ऊठ. परत ह्या दारात यिऊ नको."

तो पुरा आवाज माधुरीच्या मोबाईलवर धाडून रविराज गेला. छबूबाई दाराकडं पाठ करून बसल्या. लेक दुसऱ्यांदा गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. माधुरीनं विचारलं, "फाइल पुसू?"

"ती तुटकी पूस. पुरी हाय ती ठिव. पर आपोआप न्हाई. मला ऐकू वाटंल तवा मी लावीन." मग त्या म्हणाल्या, "तुजी बॅग काढ."

माणसं उठू लागली. शेजारची भागिरथी मात्र जागची हलेना. "पर पोरी, आवाज तर त्याचाच हुता ना?"

"आवाज त्याचाच होता, काकू," माधुरी म्हणाली. "म्हणून तर सगळे फसलो, मीसुद्धा. गेलेला माणूस 'मी असं म्हणालो नव्हतो' हे सांगायला परत येत नाही. त्याच्या नावानं कुणी काही सांगायला लागलं, की हात जोडायच्या आधी विचारा: बटण कुणी दाबलं, आणि उरलेलं वाक्य कुठं गेलं?"