नानांची तीनशे अठरा

"बिबट्याला मारलंस तर तूच आत जाशील," मी म्हणाले. तेही दुकानात, हारुनभाईंसमोर. माझ्या नवऱ्याला, योगेशला, ते लागलं. लागू दे.

नाना, माझे वडील, जाऊन महिना झाला. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून पोलीस ठाण्याचं पत्र घेऊन आम्ही त्यांची रायफल पिंपळगावहून नाशिकला, हारुनभाईंच्या बंदुकीच्या दुकानात जमा करायला आणली होती. मी एकुलती एक, तेव्हा परवान्याचा पुढचा अर्ज माझ्याच नावाने जायचा. तरी रस्ताभर ठरवत होता योगेश. तीनशे अठरा बोअरच्या गोळ्या आता कुठेच मिळत नाहीत, तर परवानगी काढू, नळी बदलून तीनशे पंधराची बसवू, मळ्यात बिबटे फिरतात. अंबडला कारखान्यात दिवसभर लेथवर उभा असतो. त्याला प्रत्येक बंद वस्तू चालू करायची असते.

मला ती बंदच हवी होती. "नानांची आठवण आहे, आहे तशी राहू दे," असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण माझ्या कडेवर होतं. वेदिका, चार वर्षांची, दिसेल ते ओढणारी. गोळीच मिळत नाही म्हटल्यावर ती रायफल म्हणजे नुसती काठी. गॅसचा नॉब तीनतीनदा तपासणारी मी, या एका गोष्टीबाबत निर्धास्त होते.

"मुलीला जरा मागे घ्या, ताई," हारुनभाई म्हणाले. "आधी उघडून बघतो."

"रिकामीच आहे हो चाचा. वीस वर्षांत कोणी उघडली नाही."

"म्हणूनच."

दर दसऱ्याला नाना तिला हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि गोळी भरायला मागे ओढतात त्या बोल्टच्या दांड्याला पूजेचा नाडा बांधत. जुना सोडायचा नाही, त्यावरच नवा. तिथे मुठीएवढा लाल-पिवळा गुंडा झाला होता. तो कापल्याशिवाय बोल्ट मागे येणार नव्हता.

"पूजेचा आहे तो," योगेश पुटपुटला.

"कापा," मी म्हणाले.

नळी वाळूच्या बादलीत रोखून हारुनभाईंनी नाडा कापला, दांडा उचलला आणि हळूच मागे ओढला. आतून काडतूस निघालं. हिरवट पडलेलं, बोटाएवढं. त्यांनी ते फडक्यावर ठेवलं.

"उडालं असतं?" मी विचारलं.

"जुनं आहे. कदाचित नाही. पण मी तरी पैज लावणार नाही, ताई."

गेल्या दसऱ्याला नानांनी वेदिकाला मांडीवर बसवून रायफल आडवी दिली होती. तिचं बोट चापावर. "हस गं," म्हणत योगेशने फोटो काढला, वर्षभर त्याचा डीपी तोच आहे. आणि मी? मी नळीसमोर वाकून तिचा फ्रॉक नीट करत होते.

नानांवर ओरडायला नाना नव्हते.

"नळी बदलताना कळलंच असतं की," योगेश म्हणाला.

"गप्प बस. एक शब्द बोलू नकोस."

हारुनभाईंना मी सरकारजमा करायच्या अर्जाचं विचारलं. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"अगं, आठवण आठवण तूच करत होतीस ना?"

"नळी बदल, नको बदलू, ती माझ्या घरात येणार नाही. आणि आधी तो फोटो काढून टाक."

"कुठला फोटो?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. मी वेदिकाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सही केली.