न्यू जर्सीचा किल्ला

२००६ची दिवाळी जवळ आली होती आणि मी जर्मनीत डार्मश्टाटला नातीकडे, उर्जाकडे आलो होतो. शाळेत प्रत्येकाने नातेवाइकाच्या गावाचा देखावा करायचा होता. सर्वांत छान देखावा शाळेच्या दारात मांडणार होते. उर्जाला ती जागा हवीच होती. तिने न्यू जर्सीतल्या मल्हारकाकाची टाउनशिप निवडली.

बाल्कनीत माती कालवता कालवता मी समजावत होतो, "आधी इथे शेतं होती. मग रस्ते आले, मग शहरातली माणसं राहायला आली."

आठवडाभराने मातीत पेरलेले अळीव तरारून उगवले, तेव्हा उर्जा ओरडली, "आबा, हा तर किल्ला आहे!"

खरंच. सवयीने हातांनी डोंगर, बुरूज, पायऱ्या सगळं केलं होतं. पुण्याहून आणलेले मावळेही उभे केले होते.

आम्ही मल्हारला फोन लावला. "काका, तुमच्याकडे डोंगर आहे?"

"छे! सगळ्यात उंच म्हणजे मॉलचं पार्किंग."

"मग हेच पार्किंग," मी म्हणालो. उर्जाने पायऱ्यापायऱ्यांवर खेळण्यातल्या गाड्या लावल्या.

शाळेत बाईंनी विचारलं, "या रहिवाशांच्या हातात तलवारी कशाला?"

उर्जा गडबडली नाही. "लॉन कापायला. गवत वाढलं की तिथे शेजारी तक्रार करतात."

बाईंनी गंभीरपणे मान हलवली. "गेनाऊ, अगदी बरोबर! माझेही शेजारी अगदी असेच आहेत."

आणि त्यांनी स्वतः किल्ला उचलून दारात नेऊन ठेवला.