लाल दोऱ्याची चार रोपं

सकाळी टेबलावर कोरा कागद दिसला आणि तोमिझावाबाईंचं डोकंच फिरलं. माफीपत्र लिहायचं, तेही स्वतःच्या हाताने, खाली आपल्या नावाचा शिक्का मारून. जपानमधल्या निइगाताच्या या भातसंशोधन केंद्रात फुटवे मोजण्यात सव्वीस वर्षं गेली, आणि परवा आलेले कुरामोची डॉक्टर म्हणे, तुम्ही रोपांची अदलाबदल केलीत!

भानगड एवढीच. खुजा वाण म्हणजे फुटव्यांचं नुसतं रान. फुटव्यांना आवर घालणारं संप्रेरक त्याला बनवताच येत नाही, त्यामुळे एकेका रोपाला तीस-तीस फुटवे. यंदा टब कमी पडले म्हणून बाईंनी चार खुजी रोपं साध्या भाताच्याच टबात, त्याच पाण्यात लावली. त्यांना साध्या भातासारखे अकरा-अकराच फुटवे आले.

"खुज्याला अकरा? शक्यच नाही," डॉक्टर म्हणाले. "चूक कुणाकडूनही होते, बाई. लिहून टाका, विषय संपला."

"चूक केली असती तर तुम्ही सांगायच्या आधीच लिहिलं असतं. चारही रोपांना लावतानाच लाल दोरा बांधलाय मी. शेजारच्या भाताच्या मुळांतून ते द्रव्य पाण्यात उतरलं असणार आणि यांनी ते घेतलं."

"शेजाऱ्याकडून उसनं?" डॉक्टर हसले. "आमटीत घालायचा मिसो आहे का तो, वाटीभर मागून आणायला?"

ते हसणं बाईंच्या जिव्हारी लागलं. एकदा का माफीपत्र लिहिलं, की सव्वीस वर्षांच्या वह्यांवर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी कागद खणात टाकला. चारपैकी दोन रोपं उपटून स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या टबात लावली, दोन जागेवरच ठेवली. डॉक्टर रोज विचारायचे, "लिहिलंत का?" बाई म्हणायच्या, "लिहिणारच आहे की कुणीतरी."

महिन्याने डॉक्टर त्या टबापुढे उकिडवे बसून स्वतः मोजत होते. दोनदा मोजलं. एकतीस, अठ्ठावीस. आणि साध्या भाताशेजारी राहिलेली दोन्ही अजून अकरावरच.

"बाई, याचा शोधनिबंध होईल," ते उठत म्हणाले. "आपण दोघांनी मिळून..."

"दोघांचं मग बघू." बाईंनी खणातला कोरा कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आधी हे. स्वतःच्या हाताने लिहायचं. शिक्का विसरू नका."

डॉक्टरांनी पेन मागितलं. बाईंनी ते काही दिलं नाही.