स्क्रीनवर उमटलेलं ऑफिस

नेदरलँड्समधल्या डोक्कम गावातल्या त्या गल्लीत दिवसा पडदे ओढायची पद्धत नाही. रस्त्याकडची खिडकी भिंतीएवढी असते आणि आतलं सगळं, कुंडी, टेबल, मांजर, नवरा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलंच पाहिजे. भर दिवसा पडदा ओढलेला दिसला की लोक समजतात, एक तर घरात कुणी गेलंय, नाहीतर घरात लपवण्यासारखं काहीतरी आहे. रिन्से हूक्स्त्राच्या घरात कुणी गेलेलं नव्हतं. त्यामुळे पडदे उघडे ठेवणं त्याला भागच होतं.

लपवण्यासारखं मात्र होतं. लेउवार्डन शहरातल्या ज्या विमा कंपनीत त्याचे केस पांढरे झाले, तिनं उन्हाळा संपता संपता त्याला घरी बसवलं. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, नुकसानभरपाईच्या दाव्यांचं काम यंत्र करणार असं ठरलं, आणि रिन्सेच्या हातात केकचा तुकडा आणि फुलं आली. फुलं त्यानं येताना कालव्यात टाकली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "आता रोज घरूनच काम करायचं. आणि लॅपटॉप काढून घेतलेत, ज्यानं त्यानं आपापला वापरायचा म्हणे."

"बरं झालं की," हिस्के म्हणाली. "जाण्यायेण्यात निम्मा जीव जायचा तुझा." हिस्के नर्स. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी सायकलवरून जाऊन मलमपट्टी, औषधपाणी करणारी. तिनं लगेच विश्वास ठेवला, कारण त्या घरात कधी कुणी खोटं बोललेलं तिला आठवत नव्हतं. सांगायचं म्हणून रिन्सेनं दुसऱ्या दिवशी तोंड उघडलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हणजे पहिल्या दिवशी खोटं बोललो हेही सांगायचं. तिसऱ्या दिवशी ते आणखी जड झालं. नोकरी गेल्याचं दुःख त्यानं कसंही गिळलं असतं, पण हिस्केच्या नजरेतून उतरणं त्याला सोसणारं नव्हतं.

तर हा बाबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी टेबलावर बसायचा. कंपनीच्या कामाची दारं त्याला बंद झाली होती. दाव्यांच्या तक्त्याचं एक चित्र तेवढं त्याच्याकडे राहून गेलं होतं. डावीकडे नावांची रांग, वर जाड चौकोन, कोपऱ्यात पंख पसरलेला कंपनीचा बगळा. ते तो स्क्रीनभर उघडायचा आणि संध्याकाळपर्यंत तसंच ठेवायचा. दुसरं काही उघडायची सोय नव्हती. स्क्रीन रस्त्यावरून सरळ दिसायची. नोकरीच्या जाहिराती उघडाव्यात, तर शेजारीण कुत्रं फिरवता फिरवता वाचणार आणि बेकरीत पोचवणार. हिस्केसुद्धा दोन पेशंटांच्या मधल्या वेळात सायकल थांबवून काचेवर टकटक करायची, आत बघून हसायची. फोनवर शोधायचं म्हणाल, तर फोन घेऊन बसलेला माणूस काम करतोय असं कुणाला वाटतं? म्हणजे नोकरी गेलेली लपवायची म्हणून या गृहस्थाला नोकरी शोधता येत नव्हती. असलं शहाणपण देव कुणाला न देवो.

संध्याकाळी हिस्के विचारायची, "कसा गेला दिवस?" आणि तो सांगायचा. कुणाच्या छपरावर झाड पडलं, कुणाची गाय पाण्यात गेली. बेकारीचा सरकारी भत्ता महिन्याच्या महिन्याला खात्यात पडत होता, त्यामुळे तिकडून कुणाला वास लागला नाही.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी त्यानं तक्ता बंद केला आणि तक्ता गेला नाही.

आधी त्याला वाटलं डोळ्यांना भास होतोय. त्यानं कोरं पान उघडलं. पांढऱ्यावर फिकट राखाडी रेघा, वर चौकोन, डावीकडे नावांची रांग, आणि कोपऱ्यात बगळा. त्यानं काच पुसली. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. बगळा जिथल्या तिथे. ओल्या भिंतीवर जुन्या फ्रेमचा डाग राहावा तसा तो राहिला होता. बायकोनं नुसतं पाहिलं असतं तर विमा कंपनीचं पान आहे एवढंच दिसलं असतं, त्यात काय? पण चोराच्या मनात चांदणं. स्क्रीन आपल्याकडे बोट दाखवून बोलतेय असं त्याला वाटायला लागलं.

एवढ्यात हिस्के आत आली. "रविवारी लॅपटॉप मला लागेल हं," ती म्हणाली. रविवारी तिच्या आईचा, हेंद्रिकाबाईंचा, ऐंशीवा वाढदिवस होता आणि तो याच घरात व्हायचा होता. "आईचे सगळे जुने फोटो मी त्यात घालून ठेवलेत."

"टीव्हीवर लावू ना," रिन्से म्हणाला. "सगळ्यांना एकदम दिसतील."

"आईला लांबचं कुठं दिसतं? लॅपटॉप मांडीवर लागतो तिला. एकेकाच्या मांडीवरून फिरवू गोल."

"स्क्रीन जरा बिघडलीय गं."

"मग डुर्कला बोलावते उद्याच. तो शाळेतले सगळे कॉम्प्युटर बघतो, ह्याचं काय एवढं."

डुर्क म्हणजे तिचा भाऊ. रिन्से घाईघाईनं म्हणाला, "नको, नको, मीच बघतो," आणि स्वतःच्याच गळ्यात धोंडा बांधून घेतला.

शनिवारी सकाळी हिस्के कामावर गेली आणि तो भिडला. संडासात बसून त्यानं फोनवर सगळे उपाय वाचले. कुणी म्हणतं, पांढरी स्क्रीन लावून तासन् तास ठेवा. कुणी म्हणतं, रंग भराभर बदलणारं चित्र लावा. कुणी म्हणतं, बंद करून ठेवा आणि वाट बघा. दुरुस्तीवालीला फोन केला तर ती म्हणाली, "बहुतेक वेळा जातं ते हळूहळू. आठवडा, दोन आठवडे. एवढं काय ठेवलं होतं लावून?"

"चर्चमधल्या प्रार्थनेचं पान," रिन्से म्हणाला. देवाच्या नावावरही खोटं बोलून झालं. नास्तिक म्हणून त्याला पाप लागलं नसेल तर नसेल.

त्यानं रंग लावले. लाल, हिरवा, निळा, पांढरा, डोळे दुखतील इतक्या वेगानं. खिडकीत जत्रा भरल्यासारखं दिसायला लागलं. कुत्र्यावाली शेजारीण काचेशी थांबली, आत वाकून बघितलं आणि हातानंच विचारलं, काय हे? त्यानं हसून अंगठा वर केला. तिचं कुत्रंही त्याच्याकडे बघत होतं. पडदा ओढायला हात गेला होता, तो त्यानं खिशात घातला.

दुपारी त्यानं रंग थांबवून पाहिलं. रेघा फिकटल्या होत्या. चौकोन जवळजवळ गेले होते. पण बगळा होता, आणि नावांची रांगही होती. पुन्हा रंग, पुन्हा पांढरं. लॅपटॉप तापला म्हणून त्यानं तो मागच्या अंगणात थंड दगडावर नेऊन ठेवला आणि आजारी लेकराजवळ बसावं तसा शेजारी बसून राहिला. "जा रे बाबा," तो बगळ्याला म्हणाला. "एवढे दिवस तुझी चाकरी केली. आता तरी जा." आपण एका चित्राच्या विनवण्या करतोय हे त्याला कळत होतं. तरी तो करत राहिला.

मग त्याच्या लक्षात आलं की डाग फक्त फिकट चित्रावर दिसतो. गडद फोटोवर काहीच कळत नाही. बुडत्याला काडीचा आधार. त्यानं सासूबाईंचे फोटो उघडले आणि निवडायला लागला. तपकिरी स्वयंपाकघर, चालेल. काळी गाय, चालेल. लग्नातला पांढरा पोशाख, नको. हिस्केच्या बारशाचं झबलं, नको. गोठलेल्या कालव्यावर सासरेबुवा स्केट घालून उभे, मागे नुसता बर्फ आणि पांढरं आभाळ, तो तर नकोच. एकेक करून त्यानं ते सगळे लॅपटॉपमधल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकले. म्हातारीच्या आयुष्यातले सगळे उजेडाचे दिवस निघून गेले आणि उरली स्वयंपाकघरं आणि गोठे. रिन्सेला रडू आलं, पण हात थांबले नाहीत.

रविवारी दुपारी दिवाणखान्यात खुर्च्यांचं वर्तुळ झालं. आलेल्या प्रत्येकानं आधी हेंद्रिकाबाईंचं अभिनंदन केलं, मग मुलीचं, मग मुलाचं, मग जावयाचं, कारण वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्या घराचं होतं. "अभिनंदन, दाजी," म्हणत डुर्कनं रिन्सेचा हात दाबला. "तोंड का उतरलंय? म्हातारी माझी ऐंशीची झाली, आणि दमलात तुम्ही." कॉफी आली, गुलाबी साखरेचा केक आला, आणि हिस्केनं लॅपटॉप आईच्या मांडीवर ठेवला.

गाय पाहून झाली. स्वयंपाकघर पाहून झालं. हेंद्रिकाबाई फोटो पुढे पुढे सरकवत होत्या आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. शेवटी म्हणाल्या, "अगं, बर्फावरचा कुठंय? तुझ्या बाबांचा. हसत असलेला तेवढा एकच आहे त्यांचा."

"असेल की, मी स्वतः घातला होता." हिस्के वाकून शोधायला लागली.

"राहू दे आता," रिन्से म्हणाला. "केक घ्या ना, आई."

"जावईबापू, केक कुठं पळून जातोय?" म्हातारी म्हणाली. "मी त्यांना बघायला बसलेय इथं."

हिस्केला तो टोपलीत सापडला. त्याच्याबरोबर लग्न, बारसं, सगळंच सापडलं. तिनं बर्फाचा फोटो परत आणून उघडला. स्क्रीनभर पांढरं पसरलं. आणि सासरेबुवांच्या डोक्यावर, स्वच्छ आभाळात, पंख पसरलेला बगळा आला.

"हे काय, पक्षी कुठला?" हेंद्रिकाबाईंनी चष्मा वर केला. "पक्षी नव्हता यात. आणि यांच्या तोंडावर ह्या रेघा कसल्या? नावं लिहिलीत का कुणाची?"

डुर्क उठून त्यांच्या मागे गेला. जाणकार माणसाला गप्प बसवत नाही, त्यात भाऊ सरळ तोंडावर बोलणारा. "डाग आहे तो, आई. एकच चित्र फार दिवस लावून ठेवलं की असं उमटतं." तो आणखी वाकला. "दाजी, हा तुमच्या कंपनीचा बगळा ना? पण हे असं व्हायला तेच पान रोज दिवसभर, महिनोन् महिने उघडं पाहिजे. काम करणाऱ्याचं पान दिवसात शंभरदा बदलतं." एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं असावं.

वर्तुळात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. वर्तुळात बसलं की हे फार अवघड जातं. रिन्सेनं हातातला कप खाली ठेवला. आता संपलं, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं.

"माझ्यामुळं झालंय ते," हिस्के म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्याचं काम झालं की मी संध्याकाळी लॅपटॉपवर गाणी लावते. त्याचं शेवटचं पान तसंच मागे राहतं. कितीदा सांगितलं त्यानं, बंद करत जा म्हणून. मी कुठली ऐकतेय."

"हां, मग होईल तसं," डुर्क घाईनं म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. हेंद्रिकाबाईंनी बोटानं फोटोतला बगळा पुसून पाहिला. "पण ते हसतायत बघ कसे," त्या म्हणाल्या, आणि लॅपटॉप शेजारच्या मांडीवर दिला.

हिस्के दुसऱ्या कपाची कॉफी आणायला आत गेली. रिन्से मागोमाग गेला. तिनं वाचवलं आपल्याला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तिच्या पायांवर डोकं ठेवावं असं त्याला वाटत होतं.

ती ओट्याला धरून उभी होती. "कधीपासून?" तिनं न वळता विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"नोकरी गेली, हे मला चाललं असतं, रिन्से. दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं." मग ती वळली आणि दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. ते थरथरत होते. सुया टोचणारे, टाके काढणारे ते हात त्यानं असे कधी पाहिले नव्हते. "मी आत्ता एकदाच खोटं बोलले. आईसमोर. बघ काय झालंय माझं. तू तर रोज बोललास, माझ्यासमोर बसून, जेवता जेवता. तुझे नाही कापले?"

"पहिल्या दिवशी कापले."

"आणि मग?"

रोज कापायचे, असं म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. ते तिला आवडलंही असतं. इतक्या महिन्यांत त्याच्या जिभेला तशी सवयच लागली होती. त्यानं ते गिळलं.

"मग नाही," तो म्हणाला. "मग सोपं गेलं."

हिस्के त्याच्याकडे बघत राहिली, पेशंट दुखत नाही म्हणतो तेव्हा बघते तशी.

"हे तू आत्ता खरं बोललास," ती हळूच म्हणाली, "का मला खरं वाटावं म्हणून बोललास, ते मला आता कळत नाही, रिन्से. आधी कळायचं."

बाहेरून हेंद्रिकाबाईंनी कॉफीची आठवण करून दिली. हिस्केनं थर्मास उचलला, दुसऱ्या हातानं खालून आधार दिला, आणि ती बाहेर गेली.